सायलेन्सर, गोळी आणि ध्वनीचा वेग

मानखुर्दला शीव-पनवेल महामार्गाच्या कडेला दहा मिनिटे उभे राहिले, की नाना तऱ्हेचे आवाज कानांवर आदळू लागतात. हार्बर मार्गावरच्या गाडीचा भोंगा, ट्रकची घरघर, रिक्षाची टरटर, आणि मधूनच सायलेन्सर बदललेल्या एखाद्या मोटारसायकलचा फटाक्यांची माळ लावावी तसा कडकडाट. याच मानखुर्दमध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. १९७४ साली स्थापन झालेल्या या केंद्रात प्रशिक्षणासाठी आलेले शिक्षक हेच आवाज ऐकत फाटकाशी पोचतात. तेव्हा ध्वनीच्या धड्याची सुरुवात तिथल्या रस्त्यावरूनच केली तर बिघडत नाही.

त्या रस्त्यावर सहज कानी पडणारा एक शब्द म्हणजे ‘सायलेन्सर’. हा शब्द विद्यार्थ्यांना दोन ठिकाणी भेटतो. एक मोटारसायकलच्या बाजूला आणि दुसरा चित्रपटातल्या पिस्तुलाच्या तोंडाशी. चित्रपटातला खलनायक पिस्तुलाला एक नळकांडे बसवतो, चाप ओढतो आणि फक्त ‘फुस्’ असा आवाज येतो. शेजारच्या खोलीतल्या माणसाची झोपसुद्धा मोडत नाही. आठवी-नववीच्या वर्गात कोणीतरी विचारतेच, “सर, खरेच असे होते का?”

याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. पण नुसते ‘नाही’ म्हणून हा प्रश्न सोडून देण्यासारखा नाही. बंदुकीचा आवाज कोठून येतो, तो कमी का करता येतो आणि नाहीसा का करता येत नाही, हे समजून घेताना दाब, ऊर्जा, तरंग, तापमान आणि आपला कान या सगळ्यांची उजळणी होते. शिवाय आपल्या शाळा-महाविद्यालयांतील एन.सी.सी.चे छात्र चांदमारीवर ०.२२ इंच रायफल चालवतात. त्यांच्या कानांचाही प्रश्न यात आहे.

एका गोळीचे तीन आवाज

बंदुकीचा बार आपल्याला एकच वाटतो. प्रत्यक्षात त्यात निदान तीन आवाज मिसळलेले असतात.

पहिला आवाज नळीच्या तोंडाशी होतो. काडतुसातली दारू जळते आणि क्षणार्धात तिचा तप्त वायू होतो. मोठ्या रायफलीत या वायूचा दाब वातावरणाच्या दाबाच्या तीन हजार पटींहून जास्त चढतो. हा दाब गोळीला नळीतून पुढे ढकलतो. गोळी तोंडातून बाहेर पडते तेव्हाही तिच्यामागच्या वायूचा दाब काहीशे पट उरलेला असतो. बाटलीचे बूच उडावे तसा तो एकदम मोकळा होतो आणि बाहेरच्या हवेला जोराचा धक्का देतो. आपण ज्याला बार म्हणतो तो मुख्यतः हाच.

दुसरा आवाज गोळीचा स्वतःचा असतो. गोळी ध्वनीपेक्षा वेगाने जात असेल तर तिच्या वाटेवर सर्वत्र एक कोरडा ‘तड्’ असा आवाज होतो. त्याचा नळीच्या तोंडाशी काही संबंध नसतो.

तिसरा आवाज यंत्राचा. चाप, स्प्रिंग आणि खटका यांची हालचाल आणि शेवटी गोळी लक्ष्यावर आदळण्याचा आवाज. एरवी पहिल्या दोन आवाजांत हा बुडून जातो, पण ते कमी केले की तो ऐकू येऊ लागतो.

बंदूक ‘शांत’ करायची तर या तिन्ही आवाजांचा वेगवेगळा विचार करावा लागतो, कारण प्रत्येकाचे कारण वेगळे आहे. सायलेन्सर फक्त पहिल्या आवाजाला हात घालू शकतो. दुसऱ्यावर त्याचा काहीही इलाज चालत नाही.

फुगा फोडा आणि फुगा सोडा

पहिल्या आवाजाचे मर्म वर्गात दोन फुग्यांनी दाखवता येते. दोन्ही फुगे सारखेच फुगवावेत. एकाला टाचणी टोचावी. मोठा आवाज होतो. दुसऱ्यावर पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा घट्ट चिकटवून त्या पट्टीवरच टाचणी टोचावी आणि काढून घ्यावी. फुगा फुटत नाही. बारीक भोकातून हवा सुरसुरत निघून जाते. (फुगा कोणाच्याही कानाजवळ फोडू नये, याचे कारण पुढे येईल.)

दोन्ही फुग्यांत हवा सारखीच होती आणि दाबही सारखाच होता. पहिल्यात रबराची चीर क्षणात सगळीकडे पळाली आणि हवा एकदम मोकळी झाली. दुसऱ्यात चिकटपट्टीने चीर अडवली आणि हवेला बाहेर पडायला वेळ लागला. म्हणजे हवेत किती ऊर्जा साठली आहे एवढ्यावरच आवाज ठरत नाही. ती किती वेळात मोकळी होते यावर तो फार अवलंबून असतो. सोड्याच्या बाटलीचे झाकण हळूहळू फिरवणारा माणूस नकळत हेच तत्त्व वापरत असतो.

सायलेन्सरही एवढेच करतो. नळीतून निघालेल्या वायूला तो आधी एका बंदिस्त जागेत पसरू देतो. पसरल्याने वायूचा दाब उतरतो. आतल्या धातूला उष्णता देऊन तो थंडही होतो, त्यामुळे दाब आणखी उतरतो. मग तो बाहेर पडतो तेव्हा धक्का देण्याची त्याची ताकद बरीच कमी झालेली असते. वायू तेवढाच असतो, बाहेरही तेवढाच पडतो, पण रमतगमत पडतो.

मोटारसायकलच्या इंजिनात हेच घडते, फक्त पुन्हा पुन्हा. एका सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांना एक स्फोट होतो. इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्या घेत असेल तर मिनिटाला १,५००, म्हणजे सेकंदाला २५ स्फोट झाले. प्रत्येक स्फोटानंतर झडप उघडते आणि दाबाखालचा वायू बाहेर झेपावतो. सायलेन्सर काढून टाकला की हे २५ धक्के जसेच्या तसे रस्त्यावर येतात. म्हणून त्या मोटारसायकलचा आवाज फटाक्यांच्या माळेसारखा वाटतो. ती नुसती उपमा नाही, कारण मुळातली घटनाही तशीच आहे.

बाप-लेकाची गोष्ट

मोटारीचा आणि बंदुकीचा सायलेन्सर यांचे हे नाते इतिहासातही दिसते. हायराम मॅक्सिम हे नाव मशीनगनचे जनक म्हणून प्रसिद्ध आहे. त्यांनी १८८४ च्या सुमारास स्वयंचलित मशीनगन तयार केली. वर्षानुवर्षे आपल्याच तोफा-बंदुकांच्या आवाजात काम करून पुढे त्यांना नीट ऐकू येईनासे झाले. त्यांचा मुलगा हायराम पर्सी मॅक्सिम हाही संशोधक होता. बंदुकीच्या सायलेन्सरचे अमेरिकन पेटंट त्याला १९०९ साली मिळाले. मोटारींच्या इंजिनांचे आवाज कमी करण्याच्या कामातही तो होता. बापाच्या यंत्राने कान नेले आणि मुलाने आयुष्याचा बराच भाग आवाज कमी करण्यात घालवला, असा हा योगायोग आहे.

आपल्याकडच्या कायद्यात मात्र या दोन सायलेन्सरांची वाट वेगळी झाली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० प्रमाणे प्रत्येक मोटार वाहनाला सायलेन्सर असलाच पाहिजे. वायूला पसरायला जागा देऊन किंवा अन्य मार्गाने आवाज शक्य तितका कमी करणारे साधन, असेच त्याचे वर्णन त्या नियमात आहे. उलट शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये ‘अग्निशस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येतच बंदुकीचा आवाज किंवा ज्वाला कमी करण्यासाठी बनवलेल्या जोडसाधनाचा समावेश आहे. म्हणजे बंदुकीचा सायलेन्सर हा कायद्याच्या दृष्टीने स्वतःच एक अग्निशस्त्र ठरतो आणि तो परवान्याविना बाळगणे हा गुन्हा होतो. तत्त्व एकच, पण रस्त्यावर ते नसणे हा अपराध आणि बंदुकीवर ते विनापरवाना असणे हा अपराध. नागरिकशास्त्राच्या तासालाही हे उदाहरण उपयोगी पडेल.

पोतराजाचा आसूड

आता दुसऱ्या आवाजाकडे, म्हणजे गोळीच्या ‘तड्’ आवाजाकडे वळू. हा आवाज महाराष्ट्रातल्या बहुतेकांनी बंदुकीविना ऐकलेला आहे. कडकलक्ष्मी घेऊन दारोदार फिरणारा पोतराज आसूड ओढतो तेव्हा हवेत जो कडाका निघतो, त्याचे कारण आणि गोळीच्या आवाजाचे कारण एकच. आसूड मुठीकडे जाड आणि टोकाकडे निमुळता असतो. हाताच्या हिसक्याने तयार झालेली वळी टोकाकडे धावत जाते. जसजसे वस्तुमान कमी होत जाते तसतसा तीच ऊर्जा वाहणाऱ्या भागाचा वेग वाढत जातो. शेवटी टोकाचा वेग ध्वनीच्या वेगापेक्षा जास्त होतो आणि कडाका ऐकू येतो. अमेरिकेत १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अतिशय वेगवान छायाचित्रणाने चाबकाच्या टोकाची अशी गती मोजली गेली होती. आसूड कशावरही आदळत नाही, तरीही आवाज होतो, हे विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावे.

ध्वनीच्या वेगापलीकडे गेल्यावरच असा आवाज का होतो? मानखुर्दहून वाशीकडे जाताना ठाण्याची खाडी लागते. खाडीच्या संथ पाण्यात खडा टाकला तर गोल लाटा पसरतात. होडी लाटांच्या वेगापेक्षा हळू चालली असेल तर तिच्या पुढेही लाटा जातात आणि पाण्याला ‘होडी येते आहे’ अशी आगाऊ सूचना मिळते. होडी लाटांपेक्षा वेगात गेली तर लाटा मागे पडतात. एकीवर एक चढून त्यांची पाचराच्या आकाराची एक ठळक लाट होते आणि ती होडीच्या दोन्ही बाजूंनी मागे पसरत जाते. हवेतल्या गोळीचे असेच होते. मंद गोळीपुढची हवा आधीच थोडी थोडी बाजूला सरकते. ध्वनीपेक्षा जलद, म्हणजे स्वनातीत गोळीपुढच्या हवेला मात्र काहीच कळलेले नसते. सगळे तरंग एकत्र येऊन गोळीमागे एक शंकू तयार होतो आणि त्या शंकूवर हवेचा दाब एकदम उडी घेतो. यालाच आघात तरंग म्हणतात. हा शंकू आपल्या कानावरून सरकला, की ‘तड्’ ऐकू येतो.

ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट माख आणि त्यांचे सहकारी पीटर साल्खर यांनी अशा उडत्या गोळीची छायाचित्रे १८८७ साली प्रसिद्ध केली. त्यांत गोळीपुढचा आघात तरंग स्पष्ट दिसत होता. ध्वनीच्या वेगाशी असलेल्या गुणोत्तराला आज आपण माखचे नाव देतो, आणि बोलताना मात्र ‘मॅक’ म्हणतो.

एक हिशेब करू. पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन व विकास आस्थापनेत रचना झालेल्या इन्सास रायफलीची गोळी नळीतून सुमारे ९०० मीटर प्रति सेकंद वेगाने सुटते. ३०° सेल्सिअसला हवेतला ध्वनीचा वेग ३४९ मीटर प्रति सेकंद असतो. ९०० ला ३४९ ने भागले तर २.५८ येतात. म्हणजे गोळी ध्वनीच्या अडीच पटींहून थोड्या जास्त वेगाने निघते. अशा गोळीच्या बंदुकीला कितीही उत्तम सायलेन्सर लावला तरी गोळी तिच्या सगळ्या वाटेवर कडाडत जाणारच. आवाज बंदुकीचा उरलेलाच नसतो, मग बंदुकीला लावलेले साधन त्याला काय करणार?

याच कारणाने चांदमारीवर लक्ष्यांजवळच्या खंदकात बसणाऱ्यांना दोन आवाज ऐकू येतात. समजा अंतर ३०० मीटर आहे आणि गोळीचा सरासरी वेग सेकंदाला ७५० मीटर आहे. गोळी आणि तिचा ‘तड्’ ०.४ सेकंदात पोचतो. नळीच्या तोंडाचा बार ध्वनीच्या वेगाने येतो, त्याला ०.८६ सेकंद लागतात. म्हणजे आधी ‘तड्’ आणि जवळजवळ अर्ध्या सेकंदाने ‘धाड्’. या दोन आवाजांमधल्या अंतरावरून गोळी किती दुरून आली याचा अंदाज बांधायला सैनिक शिकतात. वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून येतो, त्यातलाच हा प्रकार.

मंद गोळीची किंमत

मग गोळीच ध्वनीपेक्षा हळू सोडली तर? तसे करता येते. अशा गोळीला सबसॉनिक, म्हणजे ध्वनीहून मंद, असे म्हणतात. तिचा आघात तरंग तयारच होत नाही. अशा वेळी सायलेन्सरने पहिला आवाज कमी केला, की बंदूक खरोखर बरीच शांत होते. पण निसर्ग काही फुकट देत नाही. मंद गोळीची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते.

पहिली किंमत ऊर्जेची. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. चार ग्रॅमची गोळी ९०० मीटर प्रति सेकंद वेगाने गेली तर तिची ऊर्जा १,६२० ज्यूल होते. तीच गोळी ३२० मीटर प्रति सेकंद वेगाने गेली तर फक्त २०५ ज्यूल, म्हणजे जवळजवळ आठवा हिस्सा. वेग वाढवता येत नसेल तर वस्तुमान वाढवणे हाच मार्ग उरतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी डी लाइल नावाची एक शांत कार्बाइन बनवली होती. तिच्यात रायफलीचे काडतूस न वापरता ०.४५ इंच व्यासाच्या पिस्तुलाचे काडतूस वापरले होते. त्याची गोळी जड आणि मुळातच ध्वनीहून मंद असते. म्हणून ती निवडली गेली.

दुसरी किंमत घसरणीची. गोळी आडवी कितीही वेगाने जावो, गुरुत्वाकर्षण तिला तेवढ्याच त्वरेने खाली ओढते. हवेचा रोध सोडून देऊन १०० मीटरचे गणित करू. ९०० मीटरच्या वेगाला ०.११ सेकंद लागतो आणि गोळी ६ सेंटिमीटर खाली येते. ३२० मीटरच्या वेगाला ०.३१ सेकंद लागतो आणि गोळी ४८ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे दीड फूट खाली येते. दहावीच्या विद्यार्थ्याला गतीच्या समीकरणांवरून हे सहज काढता येते. अंतराच्या अंदाजात थोडी चूक झाली तरी मंद गोळीचा नेम मोठ्या फरकाने चुकतो, हेही त्यातून कळते.

ऑलिंपिकमधली मंद गोळी

इथे एक गमतीची गोष्ट आहे. जगातल्या सर्वांत अचूक नेमबाजीत मुद्दाम अशीच मंद गोळी वापरली जाते, आणि तीही शांततेसाठी नव्हे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स या प्रकारात कांस्यपदक मिळवले. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या. या प्रकारांत ०.२२ इंच रायफल वापरतात. स्पर्धेच्या काडतुसातली गोळी सेकंदाला साधारण ३२० ते ३३० मीटर वेगाने सुटते. ध्वनीच्या वेगाच्या अगदी उंबरठ्यावर, पण अलीकडे.

असे का? गोळी स्वनातीत वेगाने निघाली तर हवेच्या रोधाने हळू होत होत ती वाटेत केव्हातरी ध्वनीचा वेग ओलांडून खाली येते. त्या क्षणी तिच्याभोवतीचा हवेचा प्रवाह बदलतो, आघात तरंगांची जागा हलते आणि गोळीला बारीक हिसके बसतात. ५० मीटरवर १०.४ मिलिमीटरच्या मध्यवर्तुळात नेम साधणाऱ्याला एवढाही हिसका परवडत नाही. म्हणून गोळी सुरुवातीपासूनच अलीकडे ठेवतात. ५० मीटरमध्ये ती सुमारे १२ सेंटिमीटर खाली येते, पण दर वेळी सारखीच येत असल्याने दृष्टियंत्रात तेवढी दुरुस्ती कायमची करून ठेवता येते. आवाज कमी असणे हा तिथे आनुषंगिक फायदा.

याला जोडून तापमानाचा मुद्दा वर्गात अवश्य घ्यावा. हवेतला ध्वनीचा वेग काढण्याचे सोपे सूत्र असे :

ध्वनीचा वेग = ३३१ + (०.६ × तापमान)

वेग मीटर प्रति सेकंदात आणि तापमान अंश सेल्सिअसमध्ये. मुंबईत ३३° तापमान असताना हा वेग सुमारे ३५१ येतो. महाबळेश्वरला थंडीतल्या पहाटे १०° असेल तर ३३७. लडाखमध्ये उणे २०° असेल तर ३१९. आता सेकंदाला ३३० मीटर वेगाची गोळी घ्या. मुंबईत ती ध्वनीहून मंद आहे. महाबळेश्वरलाही मंदच, पण थोडक्यात. लडाखमध्ये मात्र तीच गोळी त्याच वेगाने स्वनातीत ठरते आणि कडाडते. (थंडीत दारूचे ज्वलन बदलल्याने गोळीचा वेगही थोडा उतरतो, ते इथे धरलेले नाही.) म्हणजे ‘मंद’ हा गुण एकट्या गोळीचा नाही. ती ज्या हवेतून जाते त्या हवेचाही आहे. उंचीवर हवा विरळ असते म्हणून ध्वनी हळू जातो, असा समज अनेकांचा असतो. प्रत्यक्षात विरळपणाने फरक पडत नाही. उंचीवर हवा थंड असते, म्हणून वेग कमी होतो.

डेसिबलचा फसवा हिशेब

एवढे सगळे केल्यावर आवाज किती उरतो? मोठ्या रायफलीचा बार चालवणाऱ्याच्या कानाशी १६० डेसिबलच्या घरात असतो. ०.२२ चा १४० च्या आसपास. चांगला सायलेन्सर साधारण २० ते ३५ डेसिबल कमी करतो. १६० मधून ३० गेले तर १३० उरतात. तुलनेसाठी, आपल्याकडे १९९९ साली फटाक्यांना घातलेली मर्यादा चार मीटर अंतरावर १२५ डेसिबलची आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागातली दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल. म्हणजे सायलेन्सर लावलेली मोठी रायफलही सुतळी बॉम्बच्या पंगतीत बसते. चित्रपटातले ‘फुस्’ हे ध्वनिमुद्रकाचे कौशल्य असते.

डेसिबलचे प्रमाण गुणोत्तराचे असते, बेरजेचे नसते, हे इथे पुन्हा सांगावे. १० डेसिबल कमी म्हणजे ध्वनीची ऊर्जा दशांश. ३० डेसिबल कमी म्हणजे ऊर्जा हजारांश. ऐकताना मात्र दर १० डेसिबलला आवाज साधारण निम्मा वाटतो, म्हणून ३० डेसिबलनंतर तो आठवा हिस्सा वाटतो. हजारांश झालेली वस्तू आठवा हिस्सा भासावी, इतका आपला कान ताणलेल्या पट्टीवर मोजतो. त्या पट्टीमुळेच पानांची सळसळ आणि विजेचा गडगडाट दोन्ही आपण एकाच कानाने ऐकू शकतो.

पण हाच कान बंदुकीच्या बाबतीत दोनदा फसतो. बार काही मिलिसेकंदांत संपतो. एवढ्या थोड्या वेळाच्या आवाजाची पूर्ण मोठाई कानाला जाणवत नाही, त्यामुळे तो जितका घातक असतो तितका मोठा वाटत नाही. दुसरे असे, की मोठा आवाज आला की मध्यकर्णातला एक इवलासा स्नायू आखडून आत जाणारा आवाज कमी करतो. पण त्याला जागे व्हायला सेकंदाचा दहावा भाग तरी लागू शकतो. तोवर बार आत जाऊन पोचलेला असतो. घर लुटून चोर पळाल्यावर दार लावावे तसा हा प्रकार.

लुटले जाते ते परत मिळत नाही. आपल्या प्रत्येक अंतःकर्णात सुमारे १५ हजार केशपेशी असतात. ध्वनीच्या कंपनांचे मज्जातंतूंच्या संदेशांत रूपांतर त्या करतात. माणसात या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात अशा आकस्मिक आवाजांची कमाल मर्यादा मोठ्यांसाठी १४० आणि मुलांसाठी १२० डेसिबल धरली आहे. ०.२२ रायफलीचा बार मुलांच्या मर्यादेपलीकडचा आहे, आणि कानाजवळ फुटणारा फुगाही कमी नाही, म्हणूनच वरची सूचना दिली होती.

तेव्हा एन.सी.सी.च्या छात्रांना चांदमारीवर नेणाऱ्या शिक्षकांनी कानांत बोळे किंवा कानांवर संरक्षक आच्छादन असल्याशिवाय कोणालाही गोळीबाराच्या ओळीजवळ थांबू देऊ नये. नीट बसलेले बोळे २० ते ३० डेसिबल कमी करतात, म्हणजे जवळजवळ सायलेन्सरइतकेच, आणि त्यांना परवाना लागत नाही. हा नियम गोळी चालवणाऱ्याइतकाच शेजारी उभे राहून आपल्या पाळीची वाट पाहणाऱ्या छात्रालाही लागू आहे. ‘एकदोन बारांनी काय होते’ असे म्हणणाऱ्या छात्राला हायराम मॅक्सिम यांची गोष्ट सांगावी. बारानंतर कानात शिट्टीसारखा आवाज राहणे ही शौर्याची खूण नव्हे. ती केशपेशींची तक्रार असते.

वर्गासाठी काही प्रश्न

१. ३५० मीटर प्रति सेकंद वेगाने जाणारी गोळी मुंबईत ३३° ला स्वनातीत आहे का? तुमच्या गावच्या आजच्या तापमानाला काय उत्तर येईल?

२. मोटारसायकलचे इंजिन मिनिटाला ४,८०० फेऱ्या घेत असेल तर सेकंदाला किती धक्के ऐकू येतील? फेऱ्या वाढल्या की आवाजाची पट्टी का चढते?

३. प्रेशर कुकरची शिट्टी आपोआप होते तेव्हाचा आवाज आणि कुकर बराच निवल्यावर शिट्टी उचलली तर होणारा आवाज यांत फरक का असतो?

४. चाबूक टोकाशी निमुळता न ठेवता सर्वत्र सारखाच जाड ठेवला तर कडाका निघेल का?

५. मंद गोळी आणि सायलेन्सर दोन्ही वापरले तरी बंदुकीचे कोणते आवाज उरतील?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना विद्यार्थ्यांना एक गोष्ट उमगेल. आवाज गिळून टाकणारे नळकांडे नसते. दाब हळूहळू सोडता येतो आणि ध्वनीच्या वेगाच्या अलीकडे राहता येते. माणसाच्या हाती एवढे दोनच उपाय आहेत आणि त्यानंतर जे उरते ते कोणाच्या तरी कानात जाते. मानखुर्दच्या महामार्गालगत राहणाऱ्या मुलाच्या बाबतीत पहिला उपाय लागू पडतो आणि तो गाडीसोबत कारखान्यातूनच बसवून आलेला असतो. तो काढून टाकण्याची फुशारकी मिरवणारा तरुण कदाचित उद्या आपल्याच वर्गातून बाहेर पडणार आहे. फुग्याचा प्रयोग त्याने पाहिलेला असेल, तर निदान आपण नेमके काय काढतो आहोत हे तरी त्याला ठाऊक असेल.